टेडी वेदरफर्ड

टेडी वेदरफर्ड (११ ऑक्टोबर, १९०३:पोकाहाँटस, व्हर्जिनिया, अमेरिका - २५ एप्रिल, १९४५:कलकत्ता) हे आफ्रिकी-अमेरिकी जॅझ पियानोवादक व वाद्यवृंदप्रमुख होते. शिकागोत नावारूपाला आल्यावर १९२६ साली ते आशियात आले आणि पुढील आयुष्याचा बहुतेक काळ त्यांनी शांघाय, मुंबई, कोलंबो, कलकत्ता यांसारख्या शहरांत घालवला. मुंबईत जॅझ रुजवणाऱ्या परदेशी वादकांमध्ये त्यांची गणना होते.

प्रारंभिक जीवन

वेदरफर्ड यांचे बालपण वेस्ट व्हर्जिनियातील ब्लूफील्ड येथे गेले. १९१५ ते १९२० या काळात ते न्यू ऑर्लिन्स येथे राहिले व तेथेच जॅझ पियानो शिकले. पुढे शिकागोत त्यांनी जिमी वेड आणि एर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदांत काम केले. टेट यांचा वाद्यवृंद व्हेन्डोम चित्रपटगृहात मूकपटांना संगीताची साथ करीत असे. लुई आर्मस्ट्राँग हे ट्रम्पेटवादक त्याच वाद्यवृंदात होते. मे १९२६ मधील टेट वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणात दोघांचेही वादन आहे. त्यांच्याहून वयाने थोडे लहान असलेले पियानोवादक अर्ल हाइन्स यांच्यावर वेदरफर्ड यांच्या वादनाची छाप पडली होती.

आशियातील वास्तव्य

१९२६ साली ड्रमवादक जॅक कार्टर यांच्या संचातून वेदरफर्ड पूर्वेकडे निघाले. शांघायमध्ये त्यांना मोठी मागणी होती. १९३४ साली बक क्लेटन यांचा वाद्यवृंद अमेरिकेतून शांघायच्या कॅनिड्रोम नृत्यगृहात आला, तो वेदरफर्ड यांच्याच पुढाकाराने.

मुंबईत १९३५ साली लिऑन ॲबी यांच्या वाद्यवृंदाने ताजमहाल हॉटेलात जॅझची मैफल सुरू केली. त्यानंतर ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ यांचा संच तेथे आला. त्यात पियानोवर वेदरफर्ड होते. पुढे संचाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. १९३७ साली त्यांनी पॅरिसमध्ये स्विंग या कंपनीसाठी एकल पियानोवादनाचे ध्वनिमुद्रण केले.

वादनशैली : पियानो आणि गिटार

रागसंगीतात षड्ज स्थिर असतो व गायक त्याच्या आधाराने उपज करतो. जॅझमध्ये सुरावटीखालील स्वरगुच्छ, म्हणजे कॉर्ड, सतत बदलत असतात आणि वादकाला त्या बदलांचे भान ठेवून आयत्या वेळी नवी सुरावट रचावी लागते. पियानोवादक ही दोन्ही कामे एकटा करू शकतो. वेदरफर्ड यांच्या वादनाला आधार असलेल्या स्ट्राइड शैलीत डावा हात आळीपाळीने खर्जातला स्वर आणि स्वरगुच्छ वाजवून लय व स्वरसंवाद सांभाळतो, तर उजवा हात उपज करण्यास मोकळा राहतो.

गिटारची स्थिती वेगळी आहे. तिच्या सहा तारांतून एका वेळी जास्तीत जास्त सहा स्वर निघतात. ते दाबण्यात एक हात व छेडण्यात दुसरा हात गुंतलेला असतो. त्यामुळे सुरावट आणि भरीव स्वरगुच्छ एकत्र सांभाळणे कठीण जाते. पॅरिसमध्ये १९३४ साली स्थापन झालेल्या पंचकात जँगो राइनहार्ट यांच्या एकल गिटारवादनाला आणखी दोन गिटारांची साथ लागे. वेदरफर्ड यांचे पॅरिसमधील ध्वनिमुद्रण मात्र पूर्णपणे एकट्याचे आहे.

तथापि, तार ओढून स्वर किंचित चढवणे वा एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाणे गिटारवर शक्य असते. पियानोचे स्वर पेटीप्रमाणे पट्टीपट्टीला बांधलेले असल्याने त्यावर मींड निघत नाही. शिवाय गिटार खांद्याला लावून नेता येते. पियानोवादकाला मात्र त्या त्या ठिकाणी जो पियानो असेल त्यावरच वाजवावे लागते. मोठ्या नृत्यगृहात पितळी वाद्यांपुढे साध्या गिटारचा आवाज दबून जाई, म्हणून वाद्यवृंदात तिच्याकडे मुख्यतः ठेका धरण्याचे काम असे. १९३९ पासून चार्ली ख्रिश्चन यांच्या विद्युत गिटारवादनाने हे चित्र पालटू लागले.

कलकत्ता आणि मृत्यू

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वेदरफर्ड कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलातील वाद्यवृंदाचे प्रमुख होते. युद्धामुळे अमेरिकी सैनिक तेथे मोठ्या संख्येने होते. त्यांच्यासाठी या वाद्यवृंदाचे वादन नभोवाणीवरूनही प्रसारित होई. पुढे ब्लूज गायक म्हणून प्रसिद्धीस आलेले जिमी विदरस्पून तेव्हा व्यापारी जहाजावर नोकरीस होते. कलकत्त्यात ते या वाद्यवृंदासोबत गायले. २५ एप्रिल १९४५ रोजी पटकीच्या आजाराने वेदरफर्ड यांचे निधन झाले. त्या वेळी ते ४१ वर्षांचे होते.

वारसा

वेदरफर्ड यांनी अमेरिका सोडल्यानंतर दोनच वर्षांनी, १९२८ साली, आर्मस्ट्राँग व हाइन्स यांनी एकत्र केलेली ध्वनिमुद्रणे जॅझच्या इतिहासात मैलाचा दगड ठरली. हाइन्स जगप्रसिद्ध झाले. वेदरफर्ड यांचे नाव मात्र मायदेशी मागे पडले.

भारतात त्यांच्या पिढीच्या कामाचा ठसा अधिक टिकला. ताजमध्ये वाजणारे संगीत गोमंतकीय वादकांनी आत्मसात केले व पुढे ते हिंदी चित्रपटसंगीतात नेले. ताजमध्ये वाजवणारे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांनी मराठी संगीतकार सी. रामचंद्र यांच्यासाठी ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटात काम केले. वेदरफर्ड यांच्या कलकत्त्यातील वाद्यवृंदात जॉर्ज बँक्स ट्रम्पेट वाजवीत. त्यांचे पुत्र लुई बँक्स पुढे मुंबईत स्थायिक झाले आणि भारतातील अग्रगण्य जॅझ पियानोवादक म्हणून ओळखले जाऊ लागले.