मायकेल स्वान

मायकेल मेरेडिथ स्वान, बॅरन स्वान (१ मार्च, १९२० – २२ सप्टेंबर, १९९०) हे ब्रिटिश पेशीशास्त्रज्ञ व प्रशासक होते. पशुखाद्यातील प्रतिजैविकांविषयी त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६९ साली सादर केलेला अहवाल 'स्वान अहवाल' म्हणून ओळखला जातो.

केंब्रिज येथे शिक्षण घेतल्यावर १९५२ मध्ये ते एडिनबरा विद्यापीठात निसर्गविज्ञानाचे प्राध्यापक झाले. सागरी अर्चिनच्या अंड्यांतील पेशीविभाजन हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. १९६५ मध्ये ते त्याच विद्यापीठाचे प्रमुख झाले.

ब्रिटनमध्ये १९५३ च्या कायद्याने डुकरे व कोंबड्यांच्या खाद्यात पेनिसिलिन आणि क्लोरटेट्रासायक्लिन अल्प मात्रेत मिसळण्यास मुभा मिळाली होती. पशुवैद्याच्या चिठ्ठीची गरज नव्हती. जनावरे लवकर पोसत, त्यामुळे पशुपालकांना तो लाभाचाच मार्ग वाटे. परंतु अशा मात्रेत औषधाला दाद न देणारे जीवाणू उरतात आणि तेच वाढतात. प्रतिकाराचा गुण एका जातीच्या जीवाणूकडून दुसऱ्या जातीकडेही जातो, हे जपानी संशोधकांनी दाखवून दिले होते. १९६० च्या दशकाच्या मध्यास ई. एस. अँडरसन यांनी वासरांमधील साल्मोनेलाचा माग काढला. दाटीवाटीने ठेवलेल्या आणि बाजारामार्गे दूरवर विकल्या जाणाऱ्या वासरांतून अनेक औषधांना न जुमानणारा जीवाणू माणसांपर्यंत पोहोचला होता. जनावरांची निगा राखणाऱ्यांना हा धोका सर्वांत जवळचा होता.

१९६८ मध्ये नेमलेल्या स्वान समितीने प्रतिजैविकांचे दोन वर्ग सुचवले. माणसांच्या वा जनावरांच्या उपचारासाठी महत्त्वाची औषधे केवळ पशुवैद्याच्या चिठ्ठीवर द्यावीत. वाढीसाठी खाद्यात, उपचारात विशेष उपयोग नसलेलीच वापरावीत. १९७१ पासून पेनिसिलिन व टेट्रासायक्लिन यांना ही अट लागू झाली. मात्र रोगप्रतिबंधाच्या नावाखाली चिठ्ठीवर औषधे मिळतच राहिली. वर्गीकरणातही एक उणीव होती: औषध माणसांसाठी वापरात आहे की नाही एवढेच पाहिले गेले, त्याचे रासायनिक नाते दुर्लक्षित राहिले. अ‍ॅव्होपार्सिन हे खाद्यातील औषध माणसांना दिल्या जाणाऱ्या व्हँकोमायसिनचे जवळचे नातलग निघाले. युरोपीय संघाने १९९७ मध्ये त्यावर, तर २००६ पासून वाढीसाठीच्या सर्वच प्रतिजैविकांवर बंदी घातली.

एडिनबरा येथील अखेरच्या काळात त्यांचे विद्यार्थ्यांनी निवडून दिलेले रेक्टर गॉर्डन ब्राउन (पुढे ब्रिटनचे पंतप्रधान) यांच्याशी तीव्र मतभेद झाले. १९७३ ते १९८० या काळात ते बीबीसीचे अध्यक्ष होते. १९८१ मध्ये त्यांना आजीव उमरावपद मिळाले. अल्पसंख्याक समाजांतील मुलांच्या शिक्षणाची चौकशी करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्याच वर्षी त्यांच्याकडे आले. तिचा १९८५ चा अहवालही 'स्वान अहवाल' याच नावाने ओळखला जात असल्याने दोहोंची गल्लत होते.