हरिभाऊ आपटे : निवेदनाची निवड आणि रूढीची चिकित्सा

हरि नारायण आपटे यांचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. त्यांचे संगोपन चुलते महादेव चिमणाजी आपटे यांच्या एकत्र कुटुंबात झाले. पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, आगरकर व टिळक हे त्यांना गुरू म्हणून लाभले. चिपळूणकरांचा भाषाभिमान आणि आगरकरांची बुद्धिनिष्ठ समाजचिकित्सा हे दोन्ही संस्कार त्यांच्या लेखनात एकत्र नांदताना दिसतात. महाविद्यालयीन शिक्षण मात्र पदवीविनाच संपले.

१८८५ मध्ये सुरू झालेल्या ‘मधली स्थिती’ या पहिल्या कादंबरीवर रेनॉल्ड्सच्या कादंबरीची छाया होती. तीत निवेदक समाजाबाहेर उभा राहून त्याच्या दोषांचे दर्शन घडवितो. १८९० मध्ये हरिभाऊंनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. येथे निवेदनाचा अधिकार यमूकडे आला, आणि हा बदल केवळ तंत्राचा नव्हता. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून वृत्तपत्रांत शास्त्रार्थ आणि सरकारचा अधिकार यांवर वाद रंगला होता. ज्या मुलींविषयी तो चालला होता, त्यांचा आवाज त्यात क्वचितच होता. यमू शास्त्रार्थ करीत नाही, घडले ते सांगते. वडीलधाऱ्यांच्या वर्तनाचा अर्थ बालवयातील यमूला पुरता उमगत नाही. तो वाचकाला उमगतो. या अंतरातूनच उपरोध निर्माण होतो आणि न्यायनिवाड्याची जबाबदारी वाचकावर येते. शंकरमामंजींच्या रूपाने रूढीला घरातल्याच माणसाचा चेहरा लाभतो. त्यामुळे वैधव्यानंतर यमूवर लादलेले केशवपन ही धर्माज्ञा न वाटता सत्तेची कृती ठरते. शीर्षकातील प्रश्नही अखेर वाचकालाच विचारलेला आहे.

या तंत्राला मर्यादाही आहे. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’त पुरुषसत्तेवर थेट प्रहार केला होता. यमूचा आवाज पुरुष लेखकाने घडविलेला आहे आणि तिचा निषेध सोशिकतेची चौकट क्वचितच ओलांडतो. तथापि ही सोशिकताच वाचकाला अस्वस्थ करते.

चुलत्यांनी १८८८ मध्ये स्थापन केलेल्या, संस्कृत ग्रंथांच्या प्रकाशनास वाहिलेल्या आनंदाश्रमाची धुरा हरिभाऊंनी पुढे सांभाळली. परंपरेचे जतन आणि तिची चिकित्सा या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच वास्तूत केल्या. ऐतिहासिक कादंबरीतही हा ताण लोपला नाही. ‘उषःकाल’मध्ये विजापूर दरबाराशी एकनिष्ठ असलेले रंगराव अप्पा आणि शिवाजी महाराजांकडे ओढला जाणारा त्यांचा पुत्र नानासाहेब यांच्या संघर्षातून आज्ञापालन श्रेष्ठ की विवेक, हाच प्रश्न उभा राहतो.

१९१२ मध्ये अकोला येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. ३ मार्च १९१९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ज्या घरात वडिलांना प्रश्न विचारणे हा उद्धटपणा मानला जाई, त्याच घरात ‘करमणूक’ वाचले जात होते. उपदेशाऐवजी निवेदनावर भिस्त ठेवल्यानेच हरिभाऊंचा प्रश्न त्या उंबरठ्याच्या आत पोहोचू शकला.