अभियंते विश्वेश्वरय्या

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही कधी कसाऱ्याहून इगतपुरीला रेल्वेने गेला आहात का? कसारा सोडले की गाडी डोंगर चढू लागते. बोगदे येतात, खोल दरीवरील पूल येतात. थळ घाटातील हा लोहमार्ग १८६५ साली सुरू झाला. त्याची आखणी करणारे मुख्य अभियंते जेम्स बर्कले १८६२ मध्येच वारले होते. पुढे त्यांच्या नावाने अभियांत्रिकीच्या गुणवंत विद्यार्थ्यासाठी पारितोषिक ठेवण्यात आले. १८८३ साली ते एका गरीब घरातील मुलाने मिळवले. त्याचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

विश्वेश्वरय्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. लहानपणीच वडिलांचे छत्र हरपले. शिकवण्या घेऊन त्यांनी बंगळूरला शिक्षण केले. पुढे म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात अभियांत्रिकी शिकू लागले.

मित्रांनो, अभियंत्याला गणिताइतकेच रेखाचित्रही पक्के यावे लागते. हे चित्र शोभेसाठी नसते. एकच वस्तू समोरून, वरून आणि बाजूने कशी दिसेल, हे त्यात वेगवेगळे दाखवतात. दिसणारी कड सलग रेषेने काढतात, तर झाकलेली कड तुटक रेषेने. आतील रचना कळावी म्हणून वस्तू मधोमध कापली आहे असे समजून तिचा छेद काढतात. गवंडी आणि लोहार त्या चित्रावरूनच काम करतात. कागदावर एक रेघ चुकली, तर जमिनीवर भिंत चुकते.

१८८४ मध्ये विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्यात साहाय्यक अभियंता झाले. धुळ्याजवळ पांझरा नदीच्या एका प्रवाहाखालून नळ टाकून पाणी पलीकडे न्यायचे होते. पाणी नळातून खाली उतरते व पलीकडे पुन्हा वर चढते. मात्र बाहेर पडण्याचे तोंड आत शिरण्याच्या तोंडापेक्षा खाली असावे लागते. मध्येच पाऊस सुरू झाला आणि काम वाळूने भरू लागले. काम पुढे ढकलावे, असे त्यांनी वरिष्ठांना कळवले. वरिष्ठांना ते रुचले नाही. तेव्हा त्या तरुणाने कुरकुर न करता, भर पावसाळ्यात ते काम तडीस नेले.

पुढे पुण्याजवळील खडकवासला धरणावर त्यांनी रचलेले दरवाजे बसवण्यात आले. ठरलेल्या पातळीपेक्षा पाणी वाढले की ते आपोआप उघडत आणि पाणी उतरले की मिटत.

सप्टेंबर १९०८ मध्ये हैदराबादेत मुसी नदीला महापूर आला. हजारो माणसे दगावली. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावले. त्यांनी पावसाची व पुराची माहिती गोळा करून योजना आखली. शहराच्या वरच्या बाजूला पाणी अडवावे, असे त्यांनी सुचवले. त्यातूनच उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले. त्यांनी शहराला पुरापासून आधार दिला आणि पिण्याचे पाणीही पुरवले. पाणी घरात शिरताना कोणाचा धर्म किंवा भाषा विचारत नाही. ते अडवणाऱ्या अभियंत्यानेही तसा भेद केला नाही.

१९१२ ते १९१८ या काळात ते म्हैसूरचे दिवाण होते. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. वयाची शंभरी पार करून १९६२ मध्ये ते निवर्तले. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस भारतात अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

मित्रांनो, शहापूर-मुरबाडच्या शाळांतूनही उद्याचे अभियंते घडतील. आपला हात वळत नाही, असे म्हणून कोणी निराश होऊ नका. आज घरी एक काडेपेटी घ्या. ती समोरून, वरून आणि बाजूने पाहा. पट्टीने मोजा आणि तीन चित्रे काढा. मग ती चित्रे मित्राला द्या. केवळ ती पाहून त्याला कागदाची तेवढीच पेटी करता आली, तर तुमचे चित्र बरोबर. नाही आली, तर चूक कोठे झाली ते शोधा आणि उद्या पुन्हा काढा.