पद्मिनीच्या मॉडेलला नंबर प्लेट कुठली लावायची? उत्तर इंदापूरच्या वालचंद शेठजींच्या गोष्टीत सापडतं

काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी आता मुंबईच्या रस्त्यावर दिसत नाही. दिसते ती कुणाच्या तरी घरातल्या शोकेसमध्ये, तळहातावर मावेल एवढी.

स्केल मॉडेलचा नाद असलेली माणसं या गाड्या जमवतात, रंगवतात आणि शेवटी एका गोष्टीपाशी अडतात. नंबर प्लेट.

मॉडेल १:४३ चं असेल तर ते खऱ्या गाडीच्या ४३ पट लहान असतं. आपल्याकडची कारची लांबट प्लेट नियमाप्रमाणे ५०० मिलिमीटर लांब आणि १२० मिलिमीटर उंच असते. ४३ ने भागलं की लांबी उरते साधारण ११.६ मिलिमीटर आणि उंची २.८. म्हणजे करंगळीच्या नखाएवढी पट्टी. त्यावरचं ६५ मिलिमीटरचं अक्षर होतं दीड मिलिमीटरचं, मोहरीच्या दाण्याएवढं.

ही प्लेट घरीही बनते. कॉम्प्युटरवर डिझाईन करायचं आणि डेकल पेपरवर प्रिंट काढायची. प्रिंटर इंकजेट असेल तर शाई पाण्यात पसरू नये म्हणून वरून लॅकरचा हात द्यायचा. मग पट्टी कापून पाण्यात भिजवायची आणि सुटलेला पातळ थर प्लास्टिकच्या तुकड्यावर सरकवायचा. घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. त्यामुळे काळ्या प्लेटवर पांढरी अक्षरं हवी असतील तर पांढऱ्या डेकलवर फक्त काळा रंग छापतात आणि अक्षरांची जागा कोरी सोडतात.

हे सगळं जमतं. खरी गंमत पुढे आहे. प्लेटवर नंबर कुठला टाकायचा?

कारण नंबर प्लेट म्हणजे गाडीचा जन्मदाखला. मुंबई प्रांत होता तेव्हा इथल्या गाड्यांचे नंबर 'बी' अक्षराने सुरू व्हायचे. महाराष्ट्र झाल्यावर 'एम'ची मालिका आली. १९८९ च्या सुमारास 'एमएच' आणि पुढे आरटीओचा आकडा अशी पद्धत सुरू झाली. मुंबईच्या ताडदेवला ०१ मिळाला, पुण्याला १२. बारामतीला पुढे ४२ मिळाला आणि इंदापूर तालुकाही त्यातच येतो.

त्यामुळे पद्मिनीची प्लेट बरोबर लावायची, तर गाडी कधीची आणि कुठली हे माहिती पाहिजे. ते शोधायला गेलं की एक नाव समोर येतं.

शेठ वालचंद हिराचंद.

२३ नोव्हेंबर १८८२ ला सोलापुरात एका गुजराती जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरचा धंदा सावकारी आणि कापसाचा. शिक्षण सोलापूर, मुंबई आणि पुण्यात झालं. घरच्या पेढीवर बसून आयुष्य आरामात गेलं असतं, पण वालचंद यांचं मन तिथे रमलं नाही.

रेल्वेतली कारकुनी केलेले लक्ष्मण बळवंत फाटक यांच्यासोबत त्यांनी भागीदारी केली आणि रेल्वेची कंत्राटं घ्यायला सुरुवात केली. पहिलं काम बार्शी लाईट रेल्वेचं. पुढे बोरघाटातले बोगदे त्यांच्याच कंपनीने खोदले. आज एचसीसी म्हणून ओळखली जाणारी हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी १९२६ ची, तीही त्यांचीच.

पण जमिनीवरची कामं कमी पडली म्हणून की काय, शेठजी समुद्रात उतरले.

तेव्हा भारताच्या जहाज वाहतुकीवर ब्रिटिश कंपन्यांचा ताबा होता. १९१९ मध्ये वालचंद यांनी नरोत्तम मोरारजी आणि इतर मित्रांना सोबत घेऊन ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचं 'लॉयल्टी' हे जहाज विकत घेतलं. जहाज शिंद्यांचं, म्हणून कंपनीचं नावही सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ ला हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघालं. आज ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन असतो, तो यामुळेच.

ब्रिटिश कंपन्यांनी भाडं पाडून सिंदियाला बुडवायचा पुरेपूर प्रयत्न केला, पण कंपनी टिकली. १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाज बांधायच्या कारखान्याची पायाभरणी झाली, राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते. याच कारखान्यात बांधलेलं 'जलउषा' १९४८ मध्ये पाण्यात सोडलं, ते पंडित नेहरूंनी.

तोवर आकाशाचाही नंबर लागला होता. अमेरिकेच्या प्रवासात वालचंद यांची विल्यम पॉली या विमान व्यावसायिकाशी गाठ पडली. त्यातून म्हैसूर संस्थानाच्या मदतीने डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली. आजच्या एचएएलचं मूळ हेच.

पण महायुद्ध सुरू होतं. १९४२ मध्ये सरकारने विमान कारखान्यातला त्यांचा हिस्सा घेतला. दहा वर्षांनी जहाज कारखानाही सरकारकडे गेला.

राहिली मोटार.

भारतात मोटारी बनवायची योजना सर विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकात मांडली होती. वालचंद यांनी ती उचलून धरली. इंग्रज सरकारकडून साथ मिळेना. फोर्डशी बोलणी झाली, ती फिसकटली. शेवटी क्रायस्लर तयार झाली आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स सुरू झाली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून डॉज, डिसोटो, प्लायमाउथ अशा गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला.

पण तोवर शेठजी थकले होते. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, १९५० मध्ये त्यांनी कामातून निवृत्ती घेतली आणि ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमधल्या सिद्धपूरला त्यांचं निधन झालं.

आपल्या ओळखीची फियाट ११०० बनायला लागली १९५४ पासून. तिच्याच पुढच्या अवताराला पद्मिनी हे नाव मिळालं १९७४ मध्ये. म्हणजे ज्या गाडीची मॉडेल्स आज लोक जीव लावून बनवतात, ती शेठजींनी स्वतः कधी पाहिलीच नाही.

आता बारामती-इंदापूरकडे येऊ, कारण शेठजींचं नाव सगळ्यात ठळक राहिलंय ते इथे.

इंदापूर तालुका तसा कमी पावसाचा. पण नीरा डाव्या कालव्याचं पाणी बारामती-इंदापूरच्या रानात आलं आणि ऊस उभा राहिला. कळंब गावाजवळ मार्सलँड प्राईस कंपनीच्या नावाने वालचंद यांच्या उद्योगसमूहाने मोठी ऊसशेती केली, १९३० च्या दशकात साखर कारखाना काढला आणि त्याभोवती अख्खं गाव वसलं. वालचंदनगर.

साखर कारखान्याला यंत्रं लागतात. ती दुरुस्त करता करता इथे यंत्रंच बनायला लागली. आधी साखर कारखान्यांची, मग सिमेंटची, मग अणुऊर्जा प्रकल्पांची. इस्रोच्या रॉकेटच्या मोटर केसिंग इथे बनल्यात. चांद्रयान-३ उडालं तेव्हा इंदापूर तालुक्यात पेढे उगाच वाटले जात नव्हते.

पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. ऊसशेतीसाठीची बरीच जमीन शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेली होती. कमाल जमीन धारणा कायदा आला तेव्हा ती मूळ मालकांकडे न जाता १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेली. आपलीच जमीन परत मिळावी म्हणून खंडकरी शेतकऱ्यांच्या पिढ्यांना झगडावं लागलं. वालचंदनगरचं नाव निघालं की इथल्या काही घरांत अभिमान असतो, तर काही घरांत ही सलही असते.

आता परत येऊ त्या करंगळीच्या नखाएवढ्या प्लेटकडे.

शेठजींच्या हयातीतल्या डॉजचं मॉडेल असेल, तर नंबर 'बी'चा पाहिजे. नव्या पद्मिनीची घरची कार असेल, तर 'एम'ची मालिका आणि काळ्या प्लेटवर पांढरी अक्षरं. शेवटच्या काळातली टॅक्सी असेल, तर पिवळी प्लेट, काळी अक्षरं आणि एमएच ०१. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली. टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षांची, म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली.

आणि हो, पद्मिनी टॅक्सीवर होलोग्राम आणि 'इंड' लिहिलेली हाय सिक्युरिटी प्लेट लावली तर मॉडेल चुकलंच समजा. ती प्लेट नव्या गाड्यांना सक्तीची झाली १ एप्रिल २०१९ पासून. पद्मिनीचे नंबर पेंटरने हाताने रंगवलेले असायचे. म्हणून अक्षरं थोडी वाकडी आली तरी चालतात, उलट ती जास्त खरी वाटतात.

पण कुणाला वालचंदनगरच्या कॉलनीत उभ्या असलेल्या १९९० च्या दशकातल्या पद्मिनीचं मॉडेल करायचं असेल, तर? प्लेटवर एमएच १२ टाकायचं, कारण बारामतीचा ४२ तेव्हा यायचा होता.

विमान गेलं, जहाज गेलं, पद्मिनीही गेली. इंदापूर तालुक्यातल्या गावाच्या पाटीवर मात्र शेठजींचं नाव अजून आहे. आणि त्या गावात आज नवी गाडी आली, की तिच्यावर नंबर लागतो एमएच ४२ चा.