फादर थॉमस स्टीफन्स : धर्मांतर, कृपा आणि पुराणरचना

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव प्रामुख्याने त्यांनी केलेल्या मराठीच्या स्तुतीमुळे स्मरले जाते. परंतु त्यांच्या जीवनक्रमाचा विचार केला असता त्या स्तुतीमागे एक निराळाच प्रश्न उभा असल्याचे दिसते. सत्तेच्या आश्रयाने घडलेले धर्मांतर आणि ईश्वरकृपेने होणारे अंतःकरणाचे परिवर्तन यांतील अंतर कसे भरून काढावयाचे, हा तो प्रश्न होय.

स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात 1549 च्या सुमारास झाला. त्यांच्या तारुण्यात, एलिझाबेथ राणीच्या राजवटीत, कॅथलिक पंथ निषिद्ध ठरला होता. थॉमस पाउंड हा त्यांचा मित्र एके काळी राणीचा दरबारी होता. दरबारातील नृत्यात पाय घसरून पडल्यावर झालेल्या अपमानाने त्याला विरक्ती आली आणि तो आपल्या मूळ कॅथलिक श्रद्धेकडे परतला, असे परंपरा सांगते. स्टीफन्स यांनी पाउंडच्या सेवकाचा वेष घेऊन त्याच्यासोबत गुप्तपणे प्रवास केला. दोघांनी मिळून रोमला जाण्याचा बेत आखला होता. परंतु पाउंड पकडला गेला आणि स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले. 1575 मध्ये ते जेझुइट संघात दाखल झाले. 1578 मध्ये त्यांनीच केलेल्या विनंतीवरून कारावासातील पाउंडला संघात प्रवेश मिळाला. श्रद्धेसाठी सत्तेचा जाच सोसणे म्हणजे काय, हे स्टीफन्स यांनी अशा रीतीने अगदी जवळून पाहिले होते.

4 एप्रिल 1579 रोजी त्यांनी लिस्बन सोडले आणि 24 ऑक्टोबरला ते गोव्यास उतरले. येथे परिस्थिती नेमकी उलट होती. इंग्लंडमध्ये ज्या पंथाचा छळ होत होता, तोच पंथ येथे राज्यकर्त्यांचा होता. त्यांचे कार्यक्षेत्र ठरलेल्या साष्टी प्रांतातील देवळे पाडली गेली होती. 1567 च्या गोव्यातील धर्मपरिषदेने कोणासही बळाने बाटवू नये असे तत्त्वतः मान्य केले. मात्र त्याच परिषदेने देवळे, हिंदू धर्मोपदेशक आणि धर्मग्रंथ यांविरुद्ध कठोर उपाय सुचविले. 1583 मध्ये कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांनी रुदोल्फ आक्वाविवा यांच्यासह पाच जेझुइटांना ठार केले. त्यांचे मृतदेह परत आणण्याच्या कामी स्टीफन्स यांचा पुढाकार होता. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी बोलावून त्यांची कत्तल केली. छळ सोसणाऱ्यांच्या गटातून आलेला हा धर्मगुरू आता छळ करणाऱ्या सत्तेच्या छत्राखाली काम करीत होता, हे या ठिकाणी नमूद करणे आवश्यक आहे.

कॅथलिक सिद्धान्तानुसार परिवर्तनाचा आरंभ मनुष्याच्या प्रयत्नाने होत नाही. आधी ईश्वराची कृपा होते. तथापि, ट्रेंट येथील परिषदेने 1547 मध्ये स्पष्ट केल्याप्रमाणे, त्या कृपेला मनुष्याच्या स्वतंत्र इच्छेने अनुमती द्यावी लागते. साष्टीतील हजारो लोकांचा बाप्तिस्मा झाला होता, पण त्यांच्या अंतःकरणाच्या अनुमतीचे काय? जुनी पुराणे त्यांच्यापासून हिरावून घेतली गेली होती आणि त्यांची जागा घेईल असे काहीही त्यांच्या हाती दिले गेले नव्हते. ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभी एक ब्राह्मण नेमकी हीच उणीव धर्मगुरूंपुढे मांडतो. संपूर्ण ग्रंथ हे त्या मागणीचे उत्तर आहे.

1616 मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापलेल्या या ग्रंथात सुमारे अकरा हजार ओव्या असून पहिल्या पुराणात जुन्या कराराचे, तर दुसऱ्यात ख्रिस्तचरित्राचे कथन आहे. देशी लिपीत ग्रंथ छापले जावेत ही आपली अनेक वर्षांची इच्छा स्टीफन्स यांनी 1608 मध्ये रोमला पत्राने कळविली होती. ती त्यांच्या हयातीत फलद्रूप झाली नाही. एकनाथांचे भागवत 1573 मध्ये पूर्ण झाले होते. म्हणजे ओवी हा तत्कालीन श्रोत्यांच्या कानांत रुळलेला, जिवंत छंद होता. स्टीफन्स यांनी तोच स्वीकारला.

शब्दयोजनेतही त्यांचा विवेक दिसून येतो. पवित्र आत्म्यासारख्या संकल्पनेसाठी ते पोर्तुगीज संज्ञा कायम ठेवतात. स्वर्गासाठी मात्र वैकुंठ हा शब्द वापरतात. कृपा हा तर भक्तिपरंपरेने आधीच अर्थसंपन्न केलेला शब्द. तो ऐकताना नवख्रिस्ती श्रोत्याला आपल्या पूर्वजांची भाषा सोडावी लागत नव्हती. बाप्तिस्म्याने तुटलेला धागा भाषेने पुन्हा जोडला गेला. अर्थात् या जोडणीमुळे सत्तेने केलेला अन्याय पुसला जात नाही. पुराणांवरील बंदी कायमच होती आणि हे नवे पुराणही धर्मसत्तेच्या अनुज्ञेनेच प्रसिद्ध झाले होते. परंतु अनुमती बळाने मिळत नाही, ती मागावी लागते, आणि मागावयाची तर श्रोत्याच्या भाषेतच मागावी लागते, ही जाणीव या रचनेच्या मुळाशी आहे असे म्हणावे लागते.

1619 मध्ये, गोव्यात चाळीस वर्षे घालविल्यानंतर, स्टीफन्स निवर्तले. 1649 व 1654 मध्ये ग्रंथाची पुनर्मुद्रणे झाली. 1684 मध्ये पोर्तुगीज सरकारने देशी भाषांच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. तरीही ख्रिस्ती समाजाने हस्तलिखितांच्या रूपाने हे पुराण जतन केले. त्या हस्तलिखितांच्याच आधारे 1907 मध्ये मंगळूरची आवृत्ती सिद्ध झाली. राजसत्तेने ज्यांना ख्रिस्ती केले, त्यांच्या वंशजांनी राजसत्तेला नको असलेल्या भाषेतील ग्रंथ स्वेच्छेने जपला. स्टीफन्स यांना अभिप्रेत असलेली अनुमती हीच होय.