परदेशच्या मंडळ्यांतून पंडिता रमाबाईंनी काय आणले?

कोणी सेवक समुद्रापलीकडील मंडळ्यांना भेटून परतला, म्हणजे त्याने तिकडे काय पाहिले हे ऐकण्यास आपण उत्सुक असतो. परंतु त्याने तिकडून काय आणले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होय. पंडिता रमाबाईंच्या चरित्रात त्याचे उत्तर सापडते.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरी झाला. आईने त्यांना संस्कृत शिकविले. पुढे दुष्काळात उपासमारीने आई, बाप व थोरली बहीण काही महिन्यांच्या आत गेली. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता ही पदवी दिली. १८८० साली विवाह झाला; १८८२ साली वैधव्य आले, तेव्हा कन्या मनोरमा एक वर्षाचीही झाली नव्हती.

१८८३ साली ह्या लेकरास घेऊन त्या वैद्यक शिकण्यासाठी इंग्लंडास निघाल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे तो हेतू मात्र सिद्धीस गेला नाही. वाँटेज येथील भगिनीमंडळाने त्यांना आश्रय दिला. तेथून त्या लंडनमधील फुलहॅम येथे त्याच मंडळाचे कार्य पाहण्यास गेल्या. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या, परंतु आता पालटलेल्या स्त्रिया तेथे रोग्यांची सेवा करीत होत्या. हे कसे घडले, असे विचारता एका भगिनीने त्यांना ख्रिस्ताची व शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविली. आपल्या देशात अशा स्त्रियांवर कोणी दया केलेली रमाबाईंनी पाहिली नव्हती. ते दृश्य त्यांच्या अंतःकरणात खोल रुतले, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला.

तथापि तिकडच्या सर्वच गोष्टींनी त्यांना समाधान लाभले नाही. एकाच प्रभूचे नाव घेणारे अनेक पंथ, आणि प्रत्येकाची शिकवण निराळी, हे पाहून त्यांचे मन गोंधळले. गुरुजनांशीही त्यांनी निर्भयपणे वाद केला. पटले नाही ते केवळ उपकाराखातर मान्य केले नाही. आपला शाकाहार व आपला पोशाखही त्यांनी सोडला नाही.

१८८६ साली त्या अमेरिकेत गेल्या आणि गावोगावी व्याख्याने देऊन हिंदी विधवांचे दुःख तेथील लोकांपुढे मांडिले. १८८७ साली बोस्टन येथे स्थापन झालेल्या मंडळाने दहा वर्षे साहाय्य देण्याचे वचन दिले. परत येताच ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढे ते पुण्यास गेले.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आपली माजरी व सारा चांदा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात मोडत असे. उपासमार रमाबाईंनी स्वतः भोगली होती. म्हणून त्या तिकडे धावल्या. सुमारे ३०० मुली व विधवा त्यांनी आश्रयास आणिल्या. त्यांच्यासाठी केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले, आणि तेथील कार्य आजही चालू आहे. पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूजवळ गेल्या.

रमाबाईंनी परदेशातून पैसा आणिला, हे खरे. परंतु पैसा आणण्यापूर्वी फुलहॅमची करुणा आणिली होती, व पंथांचे भांडण तिकडेच ठेविले. बंधूंनो, ती करुणा शिकण्यास आपणांस जहाजात बसावे लागत नाही. आपल्याच खेड्यात जिच्या दाराशी कोणी जात नाही, तिच्या दाराशी ह्या आठवड्यात कोण जाईल?