नापास झालेलें वर्ष

मुलगा परीक्षेंत नापास झाला म्हणजे घरांत सुतक आल्यासारखें होतें. पण त्याची छाती बसली, पाठ वांकली, तर त्याची खंत कोणासच वाटत नाहीं. ही समजूत किती उफराटी आहे हें ज्यांस पाहावयाचें असेल, त्यांनीं लोकमान्य टिळकांच्या चरित्राकडे पाहावें.

सन १८५६ त रत्नागिरीस जन्मलेले टिळक सोळा वर्षांचे असतांनाच पितृछत्रास मुकले आणि पुढें पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत दाखल झाले. बुद्धि तीव्र, पण शरीर किरकोळ! तेव्हां त्यांनीं पहिलें वर्ष तालमींतील मेहनत व पोहणें यांस वाहिलें. आज केलें, उद्यां टाळलें, असा हा खेळ नव्हता. परिणामीं शरीर कमावलें, पण परीक्षा गेली. तथापि तेच टिळक १८७७ सालीं पहिल्या वर्गांत बी. ए. झाले व १८७९ त वकिलीची परीक्षाही उतरले. गेलेलें वर्ष असें भरून निघालें. गेलेली प्रकृति मात्र इतक्या सहज भरून येत नाहीं.

या भांडवलाची कसोटी पुढें लागली. १८८२ त डोंगरीचा तुरुंग, १८९७ त राजद्रोहाची शिक्षा, आणि १९०८ त, वयाच्या ५२ व्या वर्षीं, सहा वर्षें काळें पाणी! ही शेवटची शिक्षा त्यांनीं मंडालेच्या तुरुंगांत भोगली व तेथेंच गीतारहस्य लिहून काढलें. व्यायाम म्हणजे अमरपट्टा नव्हे. मधुमेहानें त्यांसही गांठलें होतें. परंतु कोंवळ्या वयांत कमावलेल्या शरीराची जोड नसती, तर केवळ मनोधैर्यानें एवढा भार पेलला असता, असें आम्हांस वाटत नाहीं. १९१४ त सुटून आल्यावरही १९२० पर्यंत, म्हणजे देहावसानापर्यंत, त्यांनीं विसांवा घेतला नाहीं.

आमचे व्यापारी बंधु रोजकीर्द एक दिवसही चुकवीत नाहींत; शरीराचें खातें मात्र वर्षानुवर्षें कोरें ठेवतात! दिवसभर गादीवर बसणारानें दुकान उघडण्यापूर्वीं अर्धा तास नमस्कार घालावे किंवा भरभर चालावें. यास खर्च कवडीचाही नाहीं. मुलांप्रमाणें मुलींसही ही संवय लावावी. चार दिवस उत्साहानें घाम गाळून पांचव्या दिवशीं अंथरुणांत लोळण्यापेक्षां थोडें, पण नित्य, हेंच श्रेयस्कर. ज्यांस हें पटलें, त्यांनीं मुहूर्त पाहूं नये. उद्यांची पहाट पुरेशी आहे.